कुंकवाची राखीव जागा

मूलच्या बाजारात, तांदळाच्या गिरण्यांकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक शटर, दोन टेबलं आणि एक बाकडं. गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यांच्या ऑफिसांमधून जुने कॉम्प्युटर लिलावात निघायचे, ते मी उचलून आणायचो. आतली सिमेंटची धूळ ब्रशनं झाडायची, रॅम वाढवायची, विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकायचं आणि विकायचं. आख्ख्या तालुक्यात लिनक्स टाकणारा मी एकटा. बाकीचे चोरीच्या विंडोजच्या सीड्या घालून द्यायचे आणि महिन्याभरात व्हायरस लागला की गिऱ्हाईक बोंबलत फिरायचं. माझ्या दुकानातून गेलेली पेटी परत येत नाही, हे मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो, आजही सांगतो. एकच पेटी परत आली. ती दोनदा आली, आणि दोन्ही वेळा टिकलीएवढ्या रंगासाठी आली.

माझी एक खासियत होती. लिनक्स चालू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी धडाधड वर सरकतात. नवीन माणूस ते पाहून घाबरतो, त्याला वाटतं गेलं, बिघडलं. म्हणून मी त्या ओळी झाकून वर चित्र लावून द्यायचो. मालकाचा फोटो, खाली नाव, आणि नावाखाली हळूहळू भरत जाणारी एक पट्टी. पट्टी भरली की पेटी जागी झाली. गिरणीवाल्याला त्याची गिरणी लावून दिली होती, खताच्या दुकानवाल्याला त्याची पोरगी. लोक नुसतं ते पाहायला माझ्या बाकड्यावर येऊन बसायचे.

आता त्या चित्राची एक अट होती. चालू होताना पेटी अर्धवट झोपेत असते, तेव्हा तिला सोळाच रंग कळतात. फोटोत रंग असतात हजारो. ते सोळावर आणायचं काम चित्राचा प्रोग्राम आपोआप करायचा. ज्या रंगाचे ठिपके जास्त तो रंग राहणार, बाकीच्यांनी शेजारच्या रंगात गुपचूप मिसळून जायचं. ग्रामसभेचाच कारभार म्हणा ना, ज्याच्या बाजूनं हात जास्त वर तो जिंकला.

अशी एक पेटी तलावाकाठच्या एका गावातल्या मासेमारांच्या सोसायटीनं घेतली. सोसायटीच्या कमिटीवर एक बाई होती, महिलांच्या राखीव जागेवर निवडून आलेली. बाकीचे मेंबर पेटीला हात लावायला भ्यायचे. करंट लागेल म्हणे! ही बाई मात्र एसटीनं येऊन, माझ्या दुकानात बसून सगळं शिकून गेली. म्हणून चित्रात फोटो तिचाच लावायचं ठरलं. मागे तलाव, हातात जाळं, अंगावर हिरवं लुगडं आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी फोटो सोळा रंगांवर आणला, बसवला आणि पेटी दिली पाठवून. झकास दिसत होता. पाणी तर असं की वाटावं हात घालून मासा काढावा.

थोड्याच दिवसांत बाई स्वतः दुकानात हजर. पेटी चुंगडीत, म्हणजे गोणपाटाच्या पोत्यात, घालून डोक्यावर आणलेली. ती तिनं माझ्या टेबलावर ठेवली म्हणण्यापेक्षा आदळली.

"भाऊ, हे घे तुही पेटी."

"काय झालं बाई? चालू होत नाही काय?"

"चालू होते. तेच तं झालं ना! लावून पाह्य."

मी वायरी जोडून बटण दाबलं. फोटो आला. मला तर काहीच बिघाड दिसला नाही.

"कपाळ पाह्य माहं," बाई म्हणाली.

पाहिलं. कपाळ कोरं होतं. कुंकवाच्या जागी कातडीचाच जरासा गडद रंग, तोही शोधला तर सापडावा असा. मला हसू येणार होतं, पण तिचं तोंड पाहून ते मी गिळलं. मग तिनं सगळं सांगितलं.

तिचा नवरा दोन वर्षांमागे गावच्या टोळीबरोबर आंध्रात मिरची तोडायला गेला होता. टोळी परत आली, तो आला नाही. कोणी म्हणे तापानं गेला, कोणी म्हणे नदीत गेला. डोळ्यांनी पाहिलेला एकही नाही. दीर, जावा आणि गावच्या म्हाताऱ्या तिच्या मागे लागल्या होत्या, की आता कुंकू पूस, त्याचं दिवसपाणी कर, जीव त्याचा अडकून राहिला आहे. तलावातली मासोळी एकदा मेली तर तेही त्या अडकलेल्या जिवावरच घातलं. ही म्हणायची, मेलेला दाखवा, मग पुसते. आणि कुंकू दरवेळी आदल्यापेक्षा मोठं लावायची. गावात तिच्या शब्दाला जी काही किंमत होती ती त्या एका कुंकवावर उभी होती.

आणि अशा गावात, सोसायटीच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर नारळ फोडून पेटी चालू केली, तर पडद्यावर बाई आली ती कोऱ्या कपाळाची! एक म्हातारी पटकन बोलून गेली, "पाहा वं माय, मशीनलेई समजलं."

"दोन वर्स गाव सांगून राह्यलं, तरी मी पुसलं नाई," बाई मला म्हणाली. "तुह्या पेटीनं एका दमात पुसलं. आता जो तो म्हणते, मशीन काही खोटं बोलत नाई."

मी चिडलो. तिच्यावर नाही, त्या म्हातारीवर. मशीन खोटं बोलत नाही म्हणे! मशीनएवढं खोटं कोणी बोलत नसेल, फक्त ते न अडखळता बोलतं.

"बसा बाई," म्हटलं, "आत्ता करून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

मूळ फोटो उघडला. कुंकवावर चांगला भडक लाल रंग भरला आणि पुन्हा सोळावर आणला. कुंकू पुन्हा गायब. कुंकूच मोठं काढून पाहिलं, तरी गायब. बाई बाकड्यावरून माझ्याकडे पाहत होती. दोन मिनिटं केव्हाच संपली होती.

मग मी तिला खरं काय ते समजावलं. "ह्यात मेल्याजित्याचा काही संबंध नाही बाई. हे मतदान आहे. तुमच्या फोटोत पाण्याचे ठिपके खंडीभर आणि कुंकवाचे मूठभर. सोळा खुर्च्या आहेत. निम्म्या पाण्यानंच बळकावल्या, उरलेल्या जाळ्यानं, लुगड्यानं आणि तुमच्या तोंडानं घेतल्या. कुंकू पडलं निवडणुकीत."

"मंग त्याले राखीव जागा दे ना!" बाई म्हणाली. "मले देल्ली तशी. नाई तं मले कोण निवडून देणार होतं?"

घ्या! हे मलाही सुचलंच असतं, पण ती आधी बोलली. प्रोग्रामला आपोआप काही करू द्यायचं नाही, सोळा रंगांची यादी आपणच द्यायची, हाच उपाय होता. पाण्याच्या छटांपैकी एक काढून टाकली, कोणाला कळतं? त्या जागी लाल बसवला. प्रोग्रामची एक भलती सवय होती, कमी कामाचा रंग दिसला की तो यादीतून काढायचा. तिथली टिकही मी काढली. बटण दाबलं. कपाळावर कुंकू उमटलं, ठसठशीत.

पण नाव दिसेना आणि पट्टीही दिसेना! आगीतून फुफाट्यात. मी डोकं खाजवत बसलो, मग लक्षात आलं. पेटीला रंगाचं नाव कळत नाही, नंबर कळतो. ह्या नंबरच्या खुर्चीवर जो बसला असेल तो रंग पट्टीला, त्या नंबरवरचा नावाला. प्रोग्रामनं माझी यादी घेताना खुर्च्यांची अदलाबदल करून टाकली होती. पट्टीच्या आणि नावाच्या खुर्चीवर दोन काळपट रंग जाऊन बसले होते. काळ्यावर काळं दिसणार कसं?

आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. भारनियमन! तेव्हा दुपारचं हे रोजचंच होतं. मी चहा आणि आलुबोंडे मागवले. बाईनं आलुबोंडा खाता खाता विचारलं, "भाऊ, जमते ना हे?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं? लाईट येऊ द्या." आणि मला खरंच शंका नव्हती. रोग कळला होता, औषध हातात होतं, फक्त करंट नव्हता.

लाईट आल्यावर एकेक रंग उचलून त्याच्या त्याच्या नंबरवर बसवला. पांढरा नावाच्या खुर्चीवर. पट्टीला मात्र स्वतंत्र रंग द्यायला खुर्ची उरली नव्हती, म्हणून कुंकवाचा लालच पट्टीच्या नंबरवर बसवला आणि तो दोघांना मिळून दिला. बटण दाबलं. तलाव आला, जाळं आलं, बाई आली, कपाळावर कुंकू आलं, आणि खाली लाल पट्टी डावीकडून भरत निघाली.

"ते लाल काय सरकून राह्यलं?"

"पट्टी आहे. तुमच्या कुंकवाचाच रंग. दोघांचा नंबर एक आहे बाई. एक बदललं की दुसरंही बदलणार."

"म्हंजे कोणी माहं कुंकू काढलं तं पट्टीई जाईन?"

"अगदी बरोबर."

तिनं मला पेटी बंद करून पुन्हा चालू करायला लावली. मग पुन्हा एकदा. मग खो खो हसली. "आता म्हण म्हणा त्या बुढीले, मशीन खोटं बोलत नाई!"

गावात मशीनचा शब्द फिरला. आधी ज्यांनी मशीनची साक्ष काढली होती त्यांना ती आता मोडता येईना. रोज सकाळी ऑफिस उघडलं की पडद्यावर कुंकू आणि त्याच्या रंगाची पट्टी. दिवसपाण्याची भाषा बंद झाली. बाजाराच्या दिवशी त्या गावचे मासेवाले मला हे रंगवून सांगायचे आणि मी कॉलर ताठ करून ऐकायचो. काऊन नाही ऐकणार? तालुक्यात दुसऱ्या कोणाला जमलं असतं ते दाखवा.

मग दोनेक वर्षांनी एका बाजाराला मासेवाल्यांनीच बातमी आणली. बाईचा नवरा सापडला! मिरची तोडून परतणाऱ्या टोळीला सिरोंच्याच्या पलीकडे, नदीपार, एका बाजारात दिसला. धडधाकट. तिकडेच घर केलं होतं त्यानं, बायको केली होती, खांद्यावर लेकरू होतं. गावच्या लोकांनी घरी चल म्हटलं तर म्हणाला, येईन कधी तरी. दिरानं गावात साखर वाटली म्हणे. ज्या म्हाताऱ्या पूस पूस म्हणत होत्या त्याच आता म्हणत होत्या, नशीबवान हायेस वं, धनी जिता हाये तुहा.

दुसऱ्याच बाजाराला बाई दुकानात आली, डोक्यावर तीच चुंगडी. मी पुढे होऊन पेटी उतरवून घेतली. मला वाटलं आनंद करावा की काय करावा, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"बाई, शेवटी तुमचंच खरं झालं!"

"झालं," ती म्हणाली. "जिता हाये तो. म्हणूनच काढ आता."

"काय काढू?"

"कुंकू."

तेव्हा मी पदराखालच्या तिच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू नव्हतं.

"मेला मेला म्हणत होते तवा त्याच्यासाठी गावाशी भांडली मी," ती म्हणाली. "आता कोनासाठी भांडू? गाव म्हणते ठेव. म्हणायले गावाचं काय जाते? तवा पूस म्हणे, आता ठेव म्हणे. माह्या कपाळावर साऱ्या गावाची मालकी!"

मला त्या माणसाचा इतका राग आला की नदीपार जाऊन त्याची गचांडी धरावी. तिच्यासाठी वाईटही वाटलं. मी वायरी जोडल्या. यादी उघडली. लाल रंगाचा चौकोन समोर आला. चार वर्षं त्या बाईनं सांभाळलेली गोष्ट एका चौकोनात.

"बाई, खुर्ची रिकामी राहत नाही. लाल उठवला तर दुसरं कोणी तरी बसवावंच लागेल. कातडीचा रंग देऊ काय?"

"कोरं नाई पाह्यजे. कोरं तं त्याह्यले पाह्याचं होतं."

तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि भुवयांच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे गोंदण होतं, एक हिरवा ठिपका. एवढी वर्षं मी तिला पाहत आलो, पण तो कधी दिसलाच नव्हता. कुंकवाखाली होता.

"हा बसव," ती म्हणाली. "माह्या मायनं गोंदवून देल्ला, मी एवढुशी होती तवा. तवा नवरा कुठी होता?"

मी लाल चौकोनावर जाऊन हिरवा केला. "जास्त पोपटी झाला," ती म्हणाली. थोडा काळा मिसळला. "अजून." तिच्या कपाळाकडे पाहत, पडद्याकडे पाहत, मी तो काळसर हिरवा जुळवत गेलो. शेवटी तिनं मान हलवली. एकच नंबर बदलला होता, बाकी कशालाही हात लावायची गरज पडली नाही. बटण दाबलं. तलाव आला, जाळं आलं, बाई आली. कपाळावर कुंकवाएवढा हिरवा ठिपका, आणि खाली हिरवी पट्टी डावीकडून निघाली ती थेट शेवटापर्यंत भरली.

बाईनं पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हे तं नाई ना जाणार, त्या तुह्या मतदानात?"

"नाही बाई. ही जागा राखीव आहे."

"राखीव नोको म्हणू भाऊ," ती म्हणाली. "हे माही सोताची जागा होय."

मी पेटी चुंगडीत घातली, तोंड सुतळीनं बांधलं आणि तिच्या डोक्यावर चढवून दिली.