वहिनींचा गार चहा

डोळा लागतो आहे आणि लागत नाही, अशी ती दुपारची वेळ. शरयू माजघरात उघड्या फरशीवर, उशाला नुसता हात घेऊन आडवी झाली आहे. वैशाखात फरशीइतकं गार घरात दुसरं काही नसतं. वर पंखा फिरतो, पण वारा देतो की नुसता उकाडा ढवळतो कोण जाणे. स्वयंपाकघरातून कडवट वास येतो आहे, दोनदा फसलेल्या चहाचा.

आज अक्षय्य तृतीया. शरयूचा नवरा दिगंबर सकाळीच पाण्यानं भरलेला मातीचा घडा देवळात देऊन आला. गेलेल्या माणसाला उन्हाळ्यात तहान लागू नये म्हणून हा घडा द्यायचा असतो. ज्यांच्या नावानं दिला त्या कालिंदीवहिनी, म्हणजे शरयूची थोरली जाऊ, गेल्या आश्विनात गेल्या. त्यांनी जन्मभर मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवलं आणि शाळा सुटल्यावर घरी येऊन शरयूला. "दोन नद्या एका चुलीपाशी आणल्यात, आता पूर येणार," असं सासरे म्हणायचे. पूर आलेही, पण ते कधी उंबऱ्याबाहेर गेले नाहीत.

शेवटची चार वर्षं वहिनी डायलिसिसवर होत्या. मूत्रपिंडं थकली की पाणीसुद्धा बाधतं. डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिलं होतं, आणि त्यात चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं आलं. ते मोजायचं काम शरयूचं. तिनं डोळ्यांत तेल घालून ते केलं. आश्विनातल्या एका रणरणत्या दुपारी वहिनी म्हणाल्या, "शरयू, आपला तो अननसाचा गार चहा कर गो. अर्धाच पेला." त्या दिवसाचं पाऊण लिटर केव्हाच संपलं होतं. शरयू म्हणाली, "उद्या देते, वहिनी." दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी गेल्या.

तो अर्धा पेला तेव्हापासून शरयूच्याच घशात अडकून बसला आहे. म्हणून आज घड्याबरोबर तो चहाही द्यायचा तिनं घाट घातला होता. पूर्वी तो वहिनीच करायच्या. सकाळपासून तिनं दोनदा केला आणि दोनदा मोरीत ओतला, इतका गढूळ आणि कडू. दिगंबरनं चव घेतली आणि म्हणाला, "कुणाला ताप आला असेल तर उतरेल यानं." एरवी ती हसली असती. आज तिला रडू आलं. घडाभर पाणी दिलं म्हणून काय झालं? मागितलं ते दिलंच नाही. वहिनी अजून तहानलेल्या असतील तर?

"उकळलास ना?" कुणीतरी विचारतं.

शरयू मान वळवते. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी पाठमोऱ्या वहिनी उभ्या आहेत. पदर खोचलेला, केसांत अबोलीचा गजरा. शरयूची नजर आधी त्यांच्या पायांकडे जाते, कारण चार वर्षं रोज सकाळी तिनं बोट दाबून त्या पायांची सूज पाहिली आहे. पाय बारीक आहेत, घोट्याची हाडं दिसताहेत.

"वहिनी, तुम्ही तर गेलात ना?"

"गेले की. म्हणून काय स्वयंपाकघरात यायचं नाही?" त्या वळून बघतात. "चहा म्हटला की उकळायचा! सगळ्या गावाची एकच खोड. मुली वहीत लिहून घ्यायच्या आणि घरी जाऊन उकळायच्या. तूही त्यातलीच."

"मग कसा करायचा?"

"त्याला हातच लावायचा नाही. ये इकडे."

शरयू उठते. उठते असं तिला नुसतं वाटत असावं, कारण गुडघे दुखत नाहीत. वहिनी मलमलीच्या फडक्यात चहाची पत्ती बांधतात आणि ती पुरचुंडी माठाच्या थंड पाण्यात सोडतात. खाली विस्तव नाही, वर झाकण नाही. पुरचुंडीतून रंग सुटू लागतो. एक तांबूस धागा निघतो, मग दुसरा, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखे. शरयू वाकून बघते. माठाला तळ नाही. रंग खाली उतरतो आहे, उतरतोच आहे, आणि पाणी तरी आरपार स्वच्छ. तिच्या अंगावर काटा येतो.

"हा किती लिटर आहे, वहिनी?"

"मोजू नको," वहिनी म्हणतात.

ओट्याच्या पुढे भिंत असायला हवी. तिथे उतार आहे, लाल मातीचा, आणि उतारावर अननसांच्या रांगा पार समुद्रापर्यंत गेल्या आहेत. दोघी त्या रांगांतून चालतात. काटेरी पात लुगड्याला लागते पण ओढत नाही. वहिनी एक अननस हातानं सोलतात, केळं सोलावं तसा. फोडींना मीठ चोळतात. "मिठानं त्याचं खाजरेपण जातं. मग आंब्याचा रस, साखरेचा पाक, आणि चहा सगळ्यांत शेवटी. वरून, चमच्याच्या पाठीवरून सोडायचा." त्यांच्या हातात पेला आहे. तळाला पिवळा रस, वर तांबडा चहा, दोघांमध्ये एक रेघ, आणि ती रेघ हलत नाही.

"आता बघ हां," म्हणत वहिनी लिंबू पिळतात. पहिला थेंब पडतो आणि चहाचा रंग उजळतो. गर्द तांबडा होता तो बघता बघता मधासारखा होतो. हे लिंबानं होतंच, शरयूनं जन्मभर पाहिलं आहे. पण आज त्या उजळण्याबरोबर सगळा उतार उजळतो, समुद्र उजळतो, वहिनींचा चेहरा उजळतो. शरयूचे हात आपोआप जोडले जातात.

"देवघर नाहीये ते," वहिनी हसतात. "ट्रे धर."

ट्रे धरून ती वळते तर पायाखाली फिनेलचा वास येणारी फरशी आहे. तोच डायलिसिसचा वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा. यंत्रं गप्प आहेत. कुणाच्याच हाताला नळ्या नाहीत. वहिनींच्या मंगळवार-शुक्रवारच्या पाळीची सगळी माणसं आहेत तिथे. ओठांवर ओला कापूस फिरवणारे रिटायर्ड पोस्टमास्तर, बर्फाचा एकच खडा तासभर तोंडात धरणारी ती कोवळी मुलगी, आणि आणखी कितीतरी. खाटा मोजता येत नाहीत. सगळे उठून बसतात. सगळ्यांच्या हातांत रिकामे पेले.

वहिनी एका टोकानं ओतायला लागतात. तांब्या एकच, पण तो संपत नाही. वॉर्डभर एकच आवाज आहे, घोटांचा. पोस्टमास्तर डोळे मिटून पितात आणि गळ्याशी हात नेतात, घोट खाली उतरतो आहे याची खात्री करायला. कोवळी मुलगी दुसऱ्यांदा पेला पुढे करते आणि तिला कुणी नको म्हणत नाही. शरयूला वाटतं, आपण फार मोठ्या ठिकाणी उभ्या आहोत आणि आपल्याला कुणी बाहेर काढत नाहीये.

शेवटची खाट रिकामी आहे. दोघी तिच्यापाशी खाली, जमिनीवरच बसतात. बसतात तेव्हा ते माजघर असतं.

"वहिनी," शरयू म्हणते. "त्या दिवशी मी दिला नाही."

"नाही दिलास."

"रागावलात?"

"रागावले होते तर. तहानलेलं माणूस रागावणार नाही तर काय करेल? रात्रभर तुझ्या नावानं बोटं मोडत होते."

शरयू मान खाली घालते. वहिनी तिच्या हनुवटीला हात लावतात. हात गार आहे, पण मेलेल्या माणसाचा नाही, बर्फ हाताळलेल्या माणसाचा.

"हे बघ, तू मोजलंस म्हणून चार वर्षं जगले, आणि त्या दिवशी मोजायला नको होतंस. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं पुसत नाही. आता माझा पेला भर."

"मी?"

"मग कोण? सगळ्यांना मी पाजलं. मला कोण पाजणार?"

शरयू तांब्या उचलते. सवयीनं ती अर्ध्यावर थांबते, आणि वहिनी नुसत्या बघत राहतात. मग ती ओतते. काठापर्यंत ओतते, काठावरून सांडेपर्यंत. वहिनी दोन्ही हातांनी पेला धरून पितात. मध्ये दम घेत नाहीत. शरयू त्यांचा गळा खालीवर होताना बघते आणि आयुष्यात इतकं सुंदर आपण काही पाहिलेलं नाही असं तिला वाटतं. वहिनी रिकामा पेला पुढे करतात. ती पुन्हा भरते. पुन्हा. मग स्वतःचाही भरते आणि एक घोट घेते. गोड, आंबट, आणि कडू म्हणून नाहीच.

"जमला," वहिनी म्हणतात, आणि पेला फरशीवर ठेवतात.

पंखा फिरतो आहे. शरयू डोळे उघडते. माजघर, खिडकीतलं ऊन, बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज. ती तशीच पडून राहते. ओटा इथून दिसतो आणि त्याच्यापाशी कुणी नाही.

दिगंबर झोपून उठला आहे. डोळे चोळत, अनवाणी तो माजघरात येतो आणि एकदम पाय उचलतो.

"हे काय सांडलंय इथे?"

शरयू कोपरावर उठून बघते. तिच्या हाताशी फरशीवर पाण्याचं एक गोल वळं उमटलं आहे, घामेजलेला पेला ठेवल्यावर उमटतं तसं. त्याच्यासमोर हातभर अंतरावर दुसरं. जवळपास पेला नाही, तांब्या नाही. दिगंबर वाकतो, दुसऱ्या वळ्यावर बोट टेकवतो आणि पटकन मागे घेतो.

"गार आहे गो," तो म्हणतो. मग दोन्ही वळ्यांकडे बघत विचारतो, "कोण आलं होतं?"

"वहिनी."

तो हसत नाही. तिच्यासमोर फरशीवर बसतो, ती वळी न पुसता. मग विचारतो, "काय म्हणाल्या?"

"फार बोलल्या नाहीत," शरयू म्हणते. तिचे डोळे वाहताहेत आणि ती ते पुसत नाही. "प्यायल्या. पोटभर प्यायल्या."