मिक्सरच्या पोटात
कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. यंत्रांच्या सेन्सरची देखभाल वीस वर्षं तिच्याकडेच होती. त्या दुपारी मोटरच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावून ती मोठ्या मिक्सरमध्ये उतरली. नवा सेन्सर जोडला आणि बाहेर खट्कन आवाज झाला. वहिनी अजून पात्यांमध्येच उभी होती.

"कोण आहे?" ती किंचाळली.

"अहो वहिनी, तुम्ही आत?" मिक्सर चालवणारा ऑपरेटर बाहेरून ओरडला. "स्क्रीनवर 'तयार' आलं, म्हणून मी बटण दाबलं!"

तिनं नुकत्याच जोडलेल्या सेन्सरनंच यंत्र तयार असल्याचं कळवलं होतं. कुलूप होतं म्हणून मोटर फिरली नाही. बाहेर येऊन ती पायरीवर बसली. मग ऑपरेटरला म्हणाली, "आता इथून हलू नका." आणि राहिलेले दोन स्क्रू कसायला पुन्हा आत उतरली.