जिवंत नवऱ्याचं बारसं

माझा नवरा लढाऊ विमान चालवायचा, आणि त्याला मी मारला. शत्रूला जे जमलं नाही ते मी विसाव्या वर्षी, पदर सावरत, एका शब्दात केलं.

तो मोहोळजवळच्या कोरडवाहू खेड्यातला. लहानपणी ज्वारीत माळ्यावर उभा राहून गोफणीनं पाखरं हाकायचा. पुढं विमानात बसला, तरी सुट्टीवर आला की आधी गोठ्यात, मग घरात. आबा, म्हणजे माझे सासरे, विचारायचे, "इमान खाली उतरवताना भ्या वाटत न्हाई का रं?" तो म्हणायचा, "वढ्यातनं भरली बैलगाडी काडन्यापरीस सोपं हाय, आबा." बापलेक हसत बसायचे. मी तेव्हा त्याचा गणवेशातला फोटो आळीभर दाखवत हिंडत असे. त्याच्या डोळ्यांचा रंग कुणी विचारला असता तर सांगता आला नसता. टोपीवरचं चिन्ह मात्र राखेत बोटानं काढून दाखवलं असतं. अशी ती तेव्हाची बया, म्हणजे मी.

एकाहत्तरच्या लढाईत तार आली. विमान परतलं नाही, वैमानिक बेपत्ता.

"बेपत्ता म्हंजे जिता का मेला?" आबांनी तार वाचणाऱ्या मास्तरांना विचारलं.

"दोन्ही न्हाई, आबा."

तशी दोन्ही नसलेली मी चार महिने घरात वावरले. हळदीकुंकवात माझ्यापाशी आलं की बायकांचं बोट करंड्यातच अडायचं. कैद्यांच्या कुठल्याच यादीत त्याचं नाव नव्हतं. त्यात वन्संचं, माझ्या नणंदेचं, लग्न ठरलेलं. पाहुण्यांचा निरोप आला की तुमच्या घरात सुतक हाय का न्हाई ते एकदा ठरवा. ओसरीवर भावकी जमली. भटजी म्हणाले, "शास्त्रानं बारा वरसं थांबायचं असतं, पन अडचनीला वाट असती. दर्भाचा पुतळा करून अग्नी देता येतो." सासूबाईंनी आतून हंबरडा फोडला, "माजं लेकरू जितं हाय!"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "सूनबाई, कुक्कू तुजं हाय. तू न्हाई म्हन, ह्या समद्यास्नी म्या वसरीवरनं खाली घालतो."

मी म्हणाले, "करा."

वन्संच्या लग्नासाठी, असं मी पुढं चाळीस वर्षं, त्याच्या माघारी, बायकांना सांगत आले. ऐकणारीचे डोळे भरायचे. खरं असं की शाळेत शहिदाच्या पत्नीचा सत्कार करायचं घाटत होतं, आणि बेपत्ताच्या बायकोला कोण शाल देतो? नाक न पुसता नुसत्या डोळ्यांनी कसं रडायचं, ते मी आरशासमोर बसवलं होतं. सीना नदीच्या काठी पुतळा जाळला, माझ्या बांगड्या फोडल्या. सत्कार फार छान झाला.

वर्षभरानं तो आला. फाट्यावर एसटीतून उतरून कुबडी टेकत चालत आला. विमानातून उडी टाकताना पाठीचा कणा मोडला होता, तिकडच्या इस्पितळात महिनोन्‌महिने नाव न सांगता येण्याइतका बेशुद्ध पडून होता. सासूबाई धावल्या, पण भावकी दारात आडवी झाली. "उंबऱ्याच्या आत न्हाई. त्याचं तेरावं झालंय. फिरून जल्माला येऊ द्या, मग घ्या."

मुहूर्त अकरा दिवसांनी होता. तोवर मेलेला माणूस गोठ्यात. मी बैलांच्या दावणीपाशी ताट ठेवून मागं सरायची, कारण मी त्याची विधवा होते.

तो म्हणाला, "कैदेत तरी ताट हातात देत व्हते."

मी म्हणाले, "मग तितंच ऱ्हायचं की."

शाळेच्या नव्या खोलीला त्याचं नाव द्यायचं चाललं होतं, ते रद्द झालं होतं ना! राग येणारच माणसाला.

बारशाला सहा फुटी बाप्या पाळण्यात मावेना, म्हणून नुसता एक पाय पाळण्यात ठेवला. सत्तरीच्या आत्यानं कानात कुर्रर्र करून नवं नाव ठेवलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. भटजी म्हणाले, "जरा रडा, जल्मलेलं पोर रडतं." तो आढ्याकडं बघत राहिला. अखेर त्याच्या वाटचं सासूबाई रडल्या.

मग आमचं दुसऱ्यांदा लग्न. अंतरपाट धरायच्या आधी त्यानं विचारलं, "माजा पुतळा जाळायला व्हय कुनी म्हनलं?"

भावकी अक्षता चाचपू लागली. मी नव्या बांगड्या मोजत होते.

आबा म्हणाले, "म्या."

त्यानंतर तो आबांशी बोलला नाही. विमान सुटलं होतं, शेतीच उरली. नऊ वर्षं दोघं एका रानात राबले, आणि बोलणं बैलांकरवी. "सर्जा, म्हाताऱ्याला सांग, पानी सोडलंय." आबाही बैलालाच उत्तर द्यायचे, "सर्जा, त्याला म्हनावं, वाकू नगंस, पाठ दुकंल." शेवटच्या आजारात आबांची नजर दाराकडं लागून असायची. लेक गोठ्यात बसून असायचा. मी मधल्या घरात. तेव्हाही एकच शब्द लागत होता, "मी." तो काही निघाला नाही. खोटं जुनं झालं की पायातल्या वहाणेसारखं बसतं, चावत नाही.

आता आम्ही सोलापुरात, लेकाकडं. परवा दुपारी तो शेंगा सोलत बसला होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, सांगून टाकलं. "अवं, त्या वक्ताला व्हय म्हननारी मी व्हते. आबा न्हाई."

"ठाऊक हाय की."

"कुनी सांगितलं?"

"धाकटीनं, तुज्या वन्सनं. सासरवरनं धावत आली व्हती, गोठ्यात, पयल्याच दिशी."

"मग आबांशी अबोला कशापायी?"

"कुनावर तरी काडायचं व्हतं," तो म्हणाला. "तुज्यासंगं नांदायचं व्हतं."

"आबांना म्हाईत व्हतं का, तुमाला समदं ठाऊक हाय म्हनून?"

"कसं कळनार? मी कुटं बोलत व्हतो त्यांच्याशी?"

आणि त्यानं पुढची शेंग फोडली. मला हसू आलं; मी तशीच आहे. मग खाली बसून टरफलं गोळा करायला लागले. त्याला वाकता येत नाही.