उघड्या डोक्याने सॅल्यूट नाही

आमच्या ह्यांनी आयुष्यात दोनदा पेशा बदलला. साताऱ्यात वकिली जरा कुठं जमत आली होती, तर काळा कोट खुंटीला लावून फौजेत गेले. तिथून परतल्यावर पुन्हा कायद्याची पुस्तकं उघडली आणि परीक्षा देऊन न्यायाधीश झाले. फौजेतली एकच गोष्ट ह्यांनी मला शिकवली. उघड्या डोक्याने सॅल्यूट करायचा नाही. टोपी नसेल तर नुसतं सावधान उभं राहायचं.

बर्फातल्या चौकीवर ह्यांचा पाय मोडला, तेव्हा एका हवालदाराने ह्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. तो निघाला आमच्या सांगलीकडचाच. फौज सुटल्यावरही दर हिवाळ्यात तो काकवीची किटली घेऊन घरी यायचा. मी त्यांना भाऊ म्हणायची. माझं कुंकू राखलं होतं त्यांनी, दुसरं काय म्हणणार?

पुढे ह्यांची सांगलीला बदली झाली आणि भाऊंचा शेताच्या बांधाचा दावा नेमका ह्यांच्याच कोर्टात लागला. पुकारा झाला. भाऊ फेटा बांधून आत आले, खुर्चीत ह्यांना पाहिलं आणि भर कोर्टात खाडकन सॅल्यूट ठोकला. ह्यांनी मान वर केली नाही. हा दावा माझ्यासमोर नको, असं त्याच दिवशी लिहून दिलं. तो दुसऱ्या कोर्टात गेला आणि भाऊ हरले.

मी ह्यांना वाट्टेल ते बोलले. "ज्यानं जीव वाचवला त्याच्याकडे नुसतं बघायलाही जड गेलं?"

"बघितलं असतं तर खुर्ची सोडून उठलो असतो," एवढंच म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत.

मग भाऊ आलेच नाहीत. फोनसुद्धा नाही. हिवाळा आला की हे फाटकाकडे बघत बसायचे आणि माझी चाहूल लागली की पेपर उघडायचे. मला राग यायचा आणि वाईटही फार वाटायचं.

हे निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात, मे महिन्याच्या उन्हात, भाऊ सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या दारात उभे. डोक्यावर फेटा. किटली खाली ठेवून त्यांनी सॅल्यूट केला. ह्यांनी एकदा बघितलं आणि तडक आत निघून गेले. माझा तिळपापड झाला. आता तर खुर्चीही नव्हती!

"इतकी वर्षं कुठं होतात, भाऊ?" मी कसंबसं विचारलं.

"आवं वैनी, सायेब खुर्चीवर हायती तवर ह्या दारात पाऊल टाकायचं न्हाई, आसं ठरवलं हुतं. लोक काय बी बोलत्यात. माज्यापायी त्यांच्या नावाला डाग नको." बोलतानाही त्यांचा हात कपाळालाच होता.

आत ट्रंकेचं झाकण आपटलं. फौजेतली टोपी सापडली नसावी. हे बाहेर आले ते लोकरीची कानटोपी चढवून, घामाने डबडबलेले. दारात सावधान उभे राहिले आणि सॅल्यूट केला. तेव्हा कुठे भाऊंनी हात खाली घेतला.