आत्या कुठल्या रकान्यात?

डोळा लागतोय हे कल्याणीला कळतं, तरी समोरचं दुकान दिसतच राहतं. बार्शीच्या पेठेतली टळटळीत दुपार आहे. कल्याणीचं काम पाहणीचं: घरोघरी जाऊन कोण काय काम करतं ते विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. त्यावरून पुढं राज्याचा तक्ता होतो. व्यापार, वाहतूक, वीज-पाणी हा त्यातला एक मोठा गट. "या गटात आपल्याकडच्या बायका दरवर्षी कमीच का दिसतात, कळत नाही," असं साहेब सकाळी म्हणाले. तेव्हापासून कल्याणीच्या डोक्यात तेच घोळतंय.

ज्यांच्या ओट्यावर ती बसलीये त्या महानंदाबाई हत्तुरे म्हणाल्या, "मी काही करत नाही हो, घरीच असते." आणि लगेच, "बसा जरा, गिऱ्हाईक आलंय," म्हणत समोरच्या घरच्या दुकानात गेल्या.

पाठीमागची भिंत गार आहे. पापण्या जड होतात.

दुकानाच्या उंबऱ्यावर शेवंता आत्या बसलेली असते. कल्याणी हिच्याच हाताखाली वाढली. आत्याला जाऊन काही वर्षं झाली, हे तिला ठाऊक आहे, पण आत्ता त्याचं नवल वाटत नाही. आत्या दाभणानं पोत्याचं तोंड शिवतेय.

"आत्या, तू इथं?"

"मग कुटं असणार? दुकान कुणी बघायचं?"

मिरचीच्या पोत्यांमागं भिंत नाही, एसटी स्टँड आहे. फलाटाला आत्याच्या नवऱ्याचा, तात्यांचा मालाचा टेम्पो लागलाय. तात्या स्टेअरिंगवर डोकं टेकून निजलेत. आत्या तशीच शिवतेय, फक्त आता टेम्पोच्या हौद्यात बसून.

कल्याणी टॅब उघडते. आत्याला हे कधी कुणी विचारलंच नाही, असं तिच्या मनात येतं.

"गेल्या आठवड्यात काय काम केलंस?"

"मी? काही न्हाई. घरीच असते की."

"आणि तात्या?"

"त्यांचं दुकान हाय. टेम्पो पण हाय."

टेम्पो जागचा हलत नाही, पण रस्ता मागं मागं जातो. विजेचे खांब येतात, तारा गुणगुणतात. एका खांबावर चढलेला माणूस खाली बघून आत्याला नमस्कार करतो.

"ह्यो कशात येतो गं?" आत्या विचारते.

"वीज-पाण्यात."

"आन् मी?"

या विचारण्यात राग नाही. दगड उलटा करून खाली काय आहे ते बघावं, तसं ती विचारते.

"तूच म्हणालीस, काही करत नाही म्हणून."

"म्हणाले खरी." दाभण थांबतं. "असं का बरं म्हणाले असंन?"

मग कल्याणी सहज बोलून जाते, "सकाळी दुकान कोण उघडायचं?"

"मी."

"माल संपत आला, तर मार्केट यार्डात निरोप कोण धाडायचं?"

"मीच. हे टेम्पोवर असायचे."

"आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं, तर?"

आत्या हसते. "तवा तर हे मलाच हाक मारायचे."

"मग तुला कुठं घालू?"

आत्या टॅबवर वाकते, ओठ हलवत एकेक शब्द वाचते. "व्यापार. हितं? हितं बसते व्हय मी?" किती तरी वेळ ती त्या ओळीकडं बघत राहते. मग सुतळीचा तुकडा तोडून कल्याणीच्या करंगळीला गुंडाळते आणि दातांनी गाठ आवळते. "असंच विचारत जा. खूणगाठ बांधून ठेव, न्हाईतर इसरशील."

"आत्या, थांब ना जरा."

"गिऱ्हाईक आलंय," आत्या म्हणते.

"डोळा लागला वाटतं," महानंदाबाई चहाचा कप पुढं करत म्हणतात. त्यांच्या बोटांना हळकुंडांची पिवळी धूळ आहे. "विचारा काय ते. पण माझं काय लिहिणार तुम्ही?"

"सकाळी दुकान कोण उघडतं?"

"मीच की. का हो?"

कल्याणी पुढचा प्रश्न विचारते, मग त्याच्या पुढचा. चहा तसाच निवत राहतो. महानंदाबाई आधी थोडक्यात बोलतात, मग समोर मांडी घालून बसतात आणि मार्केट यार्डातल्या दलालाला कसं वठणीवर आणलं तेही सांगतात. कल्याणी 'व्यापार'वर बोट ठेवते आणि नोंद पक्की करते.

कप उचलताना करंगळीला काहीतरी टोचतं. सुतळीचा फेरा आहे. ती नखानं गाठ सोडवून बघते. गाठ सुटत नाही.