चार कुणाचा?

माझी मैत्रीण मुलचेऱ्याला मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवते आणि तिच्या धड्यांची वेबसाइट मी चंद्रपुरात बसून सांभाळते. ती जंगलातल्या गावची, घरी गोंडी. तिच्या धड्यांत सफरचंदं-बिफरचंदं नसतात; मोहा असतो, टेंभरं असतात. मला तिचं भारी कौतुक, अन् तोंडावर सांगितलं की ती चिडते!

पहिल्याच दिवशी तिनं मुलींना सांगितलं होतं, "काळ्या स्क्रीनवर रंगीत दिसते तो शब्द कम्प्युटरचा. पांढरा दिसते तो आपला, आपण ठेवलेलं नाव." इतकं सोपं मला जन्मात सुचलं नसतं.

एका दुपारी वर्गातूनच तिचा फोन आला. आवाज तापलेला.

"काऊन वं, चार निळा कसा झाला?"

चार म्हणजे चारोळीचं फळ. एका मुलीनं घरी वेचलेल्या मोहाचा आणि चाराचा हिशेब मांडणारा प्रोग्रॅम लिहून साइटवर टाकला होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला मोहा पांढरा दिसत होता आणि चार निळा. ही मुलगी आधीच आठवडाभर वर्गात तोंड उघडत नव्हती. आता तिनं चार खोडून टाकला होता आणि हात मांडीवर ठेवून बसली होती.

"म्हणते, म्याडम, हा आपला नाई, कम्प्युटरचा हाय. मंग मी कायले लिवू? उद्या येनार नाई म्हणते."

मी साइट उघडली आणि कपाळावर हात मारला. कोड रंगवणारं आमचं टूल तसं हुशार. कुणी न सांगता, नुसते शब्द बघून ते कोड कम्प्युटरच्या कुठल्या भाषेतला ते ओळखतं आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखतं. पण कोड होता तीन ओळींचा, पायथनमधला. सी नावाच्या दुसऱ्या भाषेत 'char' हा राखीव, म्हणजे त्या भाषेचा स्वतःचा शब्द, आणि आपल्या चारचं इंग्रजी स्पेलिंगही तेच. टूलनं तेवढ्यावरून ठरवून टाकलं की ही सी आहे.

"फळाचं नाव बदलव ना, कटकट मिटंल," टूलचा घोळ सांगून मी म्हणाले.

"नाव कायले बदलवू? चाराले आम्ही चारच म्हणतो!" मग म्हणाली, "या टूलले समजत नाई तं इचारता येत नाई का?"

"नाई वं. इचारत नाई, ठोकून देते."

ती खदखदून हसली. "म्हणजे बसमधल्या लोकांसारखा. मले पाहते अन् डायरेक्ट हिंदीत सुरू होते."

उपाय एका शब्दाचा होता. अंदाज बंद करायचा आणि कोडच्या डोक्यावर भाषेचं नाव लिहून द्यायचं. मी सगळ्याच पानांवर 'पायथन' लिहिलं आणि म्हटलं, "तिले पुन्हा लिवायला सांग."

फोन स्पीकरवर होता. एक-एक बटण दाबल्याचा आवाज आला. मग मुलींचा गलका, "पांढरा झाला, पांढरा झाला!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळानं साइटवर त्याच मुलीचा कोड पुन्हा आला. चार जागेवर होता. मोहा मात्र तिनं काढला होता आणि तिथं मोहाचा गोंडी शब्द लिहिला होता, तिच्या घरात बोलतात तो. फोन चालूच होता, त्यावर तिचा बारीक आवाज आला, "म्याडम, हा चालंल?"

"कसा दिसून राह्यला?" मैत्रिणीनं तिला विचारलं.

"पांढरा."

"मंग आपलाच हाय."