दानशूर मंडळींची विहीर

वाचता वाचता गंगूआक्का पुस्तकावर थाडकन हात आपटत. सगळं वाचनालय दचके. "हितं बी न्हाई! बाई, दुसरं काढा."

मी ग्रंथपाल. स्थानिक इतिहासाचं एक कपाट माझ्या ताब्यात आहे: गावांच्या माहितीपुस्तिका, जत्रांच्या स्मरणिका, जुने फोटो. त्याला फक्त पीएच.डी.वाले हात लावतात, असा आमच्या अध्यक्षांचा समज. प्रत्यक्षात भोरच्या दर बाजाराला येत त्या आक्का. सारोळ्याकडच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीत राहत. भाजीची पिशवी दाराशी ठेवून, ओळीखाली बोट धरून वाचत. शोधत होत्या ती वस्तीची विहीर. गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, तेव्हा आक्कांच्या आईवडिलांनी आणि शेजाऱ्यांनी कातळ फोडून ती खोदली होती.

मग गावाची नवी स्मरणिका आली. तीत विहीर होती, फोटोसकट. खाली छापलं होतं, 'गावातील दानशूर मंडळींनी बांधलेली विहीर'.

या वेळी हात आपटला नाही. "मी पोटात असताना आय दगडाच्या पाट्या उचलत व्हती," आक्का म्हणाल्या. "दानशूर कोन?"

अध्यक्ष तिथंच होते. "आक्का, छापून झालंय आता. जुन्या गोष्टी सोडा की."

"जुन्या? पानी आजून पितो आमी तिचं!"

त्याच आठवड्यात मी त्यांना समोर बसवलं. त्या सांगत गेल्या, मी टाईप करत गेले: सुरुंग कोणी लावला, दोर कोणी धरला, पाणी लागल्यावर कोण रडलं. चार पानं झाली. शिवली, शिक्का मारला, दाखल क्रमांक घातला.

"त्या बुकाला चिकटून ठिवा," आक्कांनी बजावलं. "लांब ठिवलं तर कोन बघतंय?"

"हे काय पुस्तक आहे का?" म्हणत अध्यक्षांनी ती पानं कपाटातून काढायला सांगितली. मी आदेश लेखी मागितला. तो अजून आलेला नाही.

आक्का गेल्या वर्षी वारल्या. परवा त्याच गावच्या दोन कॉलेजच्या मुली आल्या. प्रकल्पासाठी गावाचा इतिहास हवा होता. मी दोन्ही समोर ठेवलं.

"मॅडम, विहिरीचं दोन्हीत वेगळंच लिहिलंय. खरं कुठलं?"

"विहीर तुमच्याच गावात आहे. वस्तीत जा, विचारा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "तिकडं आमच्यातलं कुनी जात न्हाई," एक म्हणाली. लाजून नाही, ST ची वेळ सांगावी तसं.

मी स्मरणिका उचलून बाजूला ठेवली आणि आक्कांची पानं तिच्यापुढे सरकवली.

"मग बस. आणि हे वाचल्याशिवाय उठू नकोस."